राखेचा पुरावा : शीत संलयन आणि तुर्भ्याची साक्ष

२३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा राज्याच्या सॉल्ट लेक सिटी शहरात दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषद घेतली. मार्टिन फ्लाइशमन हे इंग्लंडच्या साउदॅम्प्टन विद्यापीठाशी निगडित, विद्युतरसायनशास्त्रातले नाणावलेले नाव आणि रॉयल सोसायटीचे फेलो. स्टॅन्ली पॉन्स हे युटा विद्यापीठातील रसायनशास्त्र विभागाचे तेव्हाचे प्रमुख. सूर्याच्या गाभ्यात दीड कोटी अंश तापमानाला जे संलयन, म्हणजे अणुकेंद्रकांचे जुळणे, होते, ते आम्ही काचेच्या भांड्यात, खोलीच्या तापमानाला घडवले आहे, असे त्यांनी जाहीर केले. हेच ‘शीत संलयन’. भांड्यात जड पाणी, त्यात पॅलेडियमची कांडी आणि भोवती प्लॅटिनमची तार, इतकीच सामग्री. वीज सोडायची आणि थांबायचे. घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता बाहेर पडते आणि ती कोणत्याही रासायनिक क्रियेच्या आवाक्याबाहेरची असते, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसऱ्याच दिवशी, २४ मार्चला, अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्सॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळले आणि समुद्र काळा झाला. चेर्नोबिलच्या दुर्घटनेला तीन वर्षेही झाली नव्हती. तेलाचा धसका आणि अणुभट्टीची भीती एकाच वेळी मनात असलेल्या जगाला, समुद्राच्या पाण्यातून अमर्याद आणि निर्धोक ऊर्जा मिळणार ही बातमी ऐकायला मिळाली. तिच्यावर विश्वास ठेवावासा वाटणे अगदी स्वाभाविक होते.

त्या बातमीचा पाठपुरावा जगात ज्या थोड्या ठिकाणी सर्वांत तातडीने आणि सर्वांत मोठ्या ताकदीने झाला, त्यांत मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) होते. पुढे जगाने शीत संलयनाला खोटे ठरवले तेव्हा तुर्भ्याच्या निष्कर्षांचे काय करायचे, हा प्रश्न अवघडच राहिला. ऊर्जेच्या चमत्कारांबद्दल खरे की खोटे हे ठरवण्याची रीत शिकायची असेल, तर आपल्याच अंगणातल्या या प्रकरणाइतके शिकवणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही.

दावा मुळात पोकळ नव्हता. पॅलेडियम हा धातू हायड्रोजन शोषतो, आणि तोही स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे नऊशे पट. एकोणिसाव्या शतकात थॉमस ग्रॅहम यांनी हे दाखवून दिले होते. १९२६ मध्ये बर्लिनच्या फ्रीड्रिख पानेट आणि कुर्ट पेटर्स यांनी पॅलेडियममध्ये कोंडलेल्या हायड्रोजनचे हेलियम झाल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी त्यांनी दावा मागे घेतला, कारण सापडलेले हेलियम काचेतून आणि हवेतून आले असावे हे त्यांना स्वतःलाच उमगले. पॅलेडियममध्ये हायड्रोजनचे अणू दाटीवाटीने भरले की त्यांची केंद्रके एकमेकांत मिसळतील काय, ही शंका त्यामुळे साठ वर्षे जुनी होती.

अडचण होती ती केंद्रकांच्या विद्युतभाराची. जड पाण्यातल्या जड हायड्रोजनची, म्हणजे ड्युटेरियमची, दोन्ही केंद्रके धनभारित, म्हणून ती एकमेकांना दूर लोटतात. त्यांना जवळ आणायला प्रचंड तापमान लागते. आणि एकदा ती जुळली की काय होते, हे प्रयोगशाळांनी दशकानुदशके मोजून ठेवले होते. दोन ड्युटेरियम एकत्र आले की साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि एक न्यूट्रॉन बाहेर पडतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि एक प्रोटॉन. चूल पेटली तर राख उरते, तशी ही संलयनाची राख. एक वॅट उष्णता जरी या मार्गाने मिळत असेल, तरी दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. फ्लाइशमन आणि पॉन्स यांचे भांडे खरोखर अशा संलयनावर चालत असते, तर त्याच्याजवळ उभे राहणारे जिवंत राहिले नसते. ते दोघेही धडधाकट होते, आणि टीकाकारांच्या हाती पहिला प्रश्न तिथेच लागला.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला तुर्भ्यापेक्षा सोयीची जागा क्वचितच सापडली असती. केंद्राचे तेव्हाचे संचालक डॉ. पी. के. अय्यंगार स्वतः न्यूट्रॉनचे जाणकार. कॅनडातील चॉक रिव्हर येथे त्यांनी बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासोबत काम केले होते आणि ब्रॉकहाउस यांना पुढे, १९९४ मध्ये, न्यूट्रॉनांच्या विखुरण्यावरील कामासाठीच नोबेल मिळाले. ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियमवर चालणारी प्रायोगिक भट्टी १९७२ मध्ये उभी राहिली ती अय्यंगारांच्याच नेतृत्वाखाली. १९७४ च्या पोखरण चाचणीतही त्यांचा वाटा होता. त्यांचे सहकारी डॉ. एम. श्रीनिवासन यांची हयात पूर्णिमासारख्या भट्ट्यांमधील न्यूट्रॉनांचा हिशेब ठेवण्यात गेलेली. न्यूट्रॉन मोजणारी उपकरणे आणि ती वाचणारे अनुभवी डोळे तिथे होते. ट्रिटियम तपासण्याची व्यवस्था रोजच्या कामाचा भाग होती. आणि जड पाणी हवे तेवढे होते.

या जड पाण्याची गोष्ट आदिलाबादच्या वाचकाला जवळची वाटेल. निसर्गातल्या पाण्यात दर सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक ड्युटेरियमचा असतो. तो वेगळा काढायचा म्हणजे पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड वायू यांची पुन्हापुन्हा, उंच मनोऱ्यांमधून, थंड-गरम अशी अदलाबदल करावी लागते. १९७४ नंतर परदेशांनी दरवाजे बंद केले तेव्हा भारताने ही विद्या स्वतःच्या बळावर उभी केली. आदिलाबादलगतच्या मावला गावाजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ दक्षिणेकडे निर्मलच्या पुढे गोदावरी ओलांडतो. तीच गोदावरी आग्नेयेला वाहत मणुगुरूपाशी पोहोचते, आणि तिथला जड पाण्याचा कारखाना १९९१ मध्ये सुरू झाला. त्याची वीज आणि वाफ कोळशातून येते, आणि कोळसा सिंगरेणीच्या खाणींतून. युटाच्या दाव्यातले मुख्य द्रव्य आपल्या भागात इतक्या कष्टाने, इतक्या इंधनाच्या मोलाने तयार होते. म्हणून ‘समुद्राच्या पाण्यातून फुकट ऊर्जा’ हे शब्द ऐकताना हा खर्च आधी डोळ्यांपुढे आणावा.

तुर्भ्यात काम तातडीने सुरू झाले. एकाच प्रयोगशाळेवर विसंबून न राहता सुमारे डझनभर गटांना वेगवेगळी भांडी, वेगवेगळे धातू आणि वेगवेगळ्या पद्धती वापरायला सांगण्यात आले. पन्नासच्या आसपास शास्त्रज्ञ आणि अभियंते त्यात गुंतले. एका गटाने तर हायड्रोजन बनवण्यासाठी बाजारात मिळणारे, चांदी-पॅलेडियमच्या नळ्यांचे ‘मिल्टन रॉय’ कंपनीचे यंत्रच घेतले आणि साध्या पाण्याच्या जागी त्यात जड पाणी भरले. कुणी टायटॅनियमच्या चकत्या ड्युटेरियम वायूत ठेवल्या, मग एक्स-रे फिल्मवर त्या ठेवून काही ठसा उमटतो का ते पाहिले.

काही आठवड्यांतच न्यूट्रॉन दिसू लागले. काही वेळा ते एकेकटे न येता झुंडीने येत होते. श्रीनिवासन यांच्या गटाने संख्याशास्त्राच्या मदतीने ते तपासले. योगायोगाने येणारी वैश्विक किरणे आणि उपकरणातला गोंगाट यांच्याशी या झुंडी जुळत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. काही भांड्यांत ट्रिटियमचे प्रमाणही कित्येक पटींनी वाढलेले आढळले. जुलै १९८९ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे नव्या अणुऊर्जा पद्धतींवरच्या परिषदेत अय्यंगारांनी हे निष्कर्ष मांडले. डिसेंबरमध्ये अय्यंगार आणि श्रीनिवासन यांनी संपादित केलेला ‘बीएआरसी-१५००’ हा अहवाल निघाला आणि ऑगस्ट १९९० मध्ये त्यांचा सविस्तर लेख ‘फ्यूजन टेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात आला. तुर्भ्याचा भर उष्णतेवर नव्हता, राखेवर होता. युटाचा मुख्य दावा उष्णतेचा असल्याने तुर्भ्याने युटाला दुजोरा दिला असे म्हणणे घाईचे ठरते. तुर्भ्याने म्हटले ते एवढेच की या धातूंमध्ये केंद्रकीय क्रिया होत असल्याच्या खुणा आम्हाला दिसतात.

दरम्यान अमेरिकेत वारे उलटे फिरले होते. जॉर्जिया टेकच्या गटाने एप्रिलमध्ये न्यूट्रॉन सापडल्याचे जाहीर केले आणि आपले उपकरण उष्णतेलाच प्रतिसाद देत असल्याचे लक्षात येताच काही दिवसांत दावा मागे घेतला. एमआयटीतील भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले की युटाने पुरावा म्हणून दाखवलेल्या गामा किरणांच्या आलेखाला खऱ्या गामा शिखराचा आकारच नाही. १ आणि २ मे रोजी बाल्टिमोरला अमेरिकन फिजिकल सोसायटीची बैठक झाली. तिथे कॅल्टेकच्या नेथन लुईस यांनी उष्णता मोजण्यातल्या चुकांचा पाढा वाचला. द्रव नीट ढवळला नाही तर भांड्याचा एक भाग गरम आणि दुसरा थंड राहतो आणि तापमापी कुठे ठेवली यावर जास्तीची उष्णता अवलंबून राहते, असे त्यांनी सांगितले. इंग्लंडमधील हार्वेल प्रयोगशाळेने फ्लाइशमन यांच्याशी असलेल्या संबंधांमुळे प्रयोग अगदी आपुलकीने आणि मोठ्या प्रमाणावर केले, तरी हाती काही लागले नाही. नोव्हेंबरमध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याच्या समितीने स्वतंत्र मोठा कार्यक्रम नको, असा अहवाल दिला. युटा राज्याने पन्नास लाख डॉलर देऊन उभारलेली राष्ट्रीय शीत संलयन संस्था १९९१ मध्ये बंद झाली.

आता तुर्भ्याच्या ट्रिटियमकडे पुन्हा वळू. वाद इथेच खरा खोल आहे.

ट्रिटियम किरणोत्सारी असते, त्याचे अर्धायुष्य बारा वर्षांहून थोडे जास्त. त्याचे किरण इतके दुबळे की ते मोजायला द्रवात उमटणाऱ्या प्रकाशाच्या चमका टिपण्याची पद्धत वापरावी लागते आणि रसायनांतून निघणारा प्रकाशही त्या पद्धतीला फसवू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तुर्भ्याला सायरस आणि ध्रुव या भट्ट्या जड पाण्यावर चालत होत्या. भट्टीत वापरलेल्या जड पाण्यात न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ट्रिटियम आपोआप तयार होते. अशा परिसरात नव्या भांड्यात ट्रिटियम दिसले, तर ते तिथे जन्मले की बाहेरून आले? अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठातही हाच प्रश्न उभा राहिला. जॉन बॉक्रिस यांच्या प्रयोगशाळेत सापडलेल्या ट्रिटियमबद्दल, ते कुणी मुद्दाम टाकले असावे काय, अशी शंका जून १९९० मध्ये ‘सायन्स’मध्ये जाहीरपणे मांडली गेली. विद्यापीठाच्या चौकशीत तसे सिद्ध झाले नाही. मात्र त्याच विद्यापीठातील केविन वूल्फ यांनी आपल्या कांड्यांच्या पॅलेडियममध्येच आधीपासून ट्रिटियम असल्याचे शोधून काढले आणि स्वतःचा निष्कर्ष मागे घेतला.

तुर्भ्याचे शास्त्रज्ञ या धोक्याविषयी अनभिज्ञ नव्हते. जड पाणी आणि ट्रिटियम यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध होता आणि दूषितपणाचा विचार त्यांनी केला होता. पण त्यांच्याच आकड्यांत एक कोडे होते. ठाऊक असलेल्या संलयनात न्यूट्रॉन आणि ट्रिटियम जवळपास सारख्या संख्येने निघायला हवेत. तुर्भ्यात दर सुमारे एक कोटी ट्रिटियम अणूंमागे एक न्यूट्रॉन सापडत होता. अय्यंगारांना यात नवी, अजून कुणी न पाहिलेली क्रिया दिसली. टीकाकारांना यात दूषित पाण्याची खूण दिसली, कारण ट्रिटियम बाहेरून आले असेल तर त्याच्यासोबत न्यूट्रॉन येणार नाहीतच. एकच आकडा, दोन अर्थ. हा पेच सोडवायला एकच मार्ग होता. पाककृती इतकी पक्की करायची की दुसऱ्या शहरात, दुसऱ्या माणसाने, दुसऱ्या धातूने आणि ट्रिटियमचा लवलेश नसलेल्या इमारतीत प्रयोग केला, तरी हवा तेव्हा तोच परिणाम मिळावा. ते कधी घडले नाही. भांडी कधी चालत, कधी चालत नसत आणि का चालत नाहीत हे कुणाला सांगता येत नव्हते.

१९९० मध्ये अय्यंगार अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले, १९९३ मध्ये निवृत्त झाले आणि तुर्भ्यातले काम मंदावत जाऊन थांबले. त्यांनी आपली भूमिका मात्र सोडली नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये या विषयाची सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद चेन्नईत भरली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अय्यंगारांचे मुंबईत निधन झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये बंगळुरूच्या ‘करंट सायन्स’ने या विषयाला विशेष विभाग दिला. त्याचे संपादन श्रीनिवासन यांनी अँड्र्यू मॉयलेनबर्ग यांच्यासोबत केले. २०१५ पासून गूगलच्या पैशावर सुमारे तीस संशोधकांनी हा प्रयोग नव्याने, अद्ययावत साधनांनी करून पाहिला. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाचा निष्कर्ष असा की शीत संलयनाचा पुरावा सापडला नाही, मात्र हायड्रोजनने भरलेल्या धातूंविषयी शिकण्यासारखे बरेच मिळाले.

मग तुर्भ्याने जगाला फसवले काय? माझे स्पष्ट मत आहे की नाही. लबाडीची ओळख वेगळी असते आणि ती आपल्याच देशात, त्याच काळात पाहायला मिळाली. १९९६ मध्ये तमिळनाडूतील राजपाळयम भागातल्या रामर पिल्लै यांनी झाडपाला पाण्यात उकळून पेट्रोल बनवल्याचे जाहीर केले. मंत्र्यांपुढे आणि शास्त्रज्ञांपुढे प्रात्यक्षिके झाली, वर्तमानपत्रे भरली, पुढे ‘रामर पेट्रोल’ म्हणून इंधन विकलेही गेले. मूठभर पाल्यात जितकी ऊर्जा मुळातच नसते, तितकी ऊर्जा त्यातून निघणार कशी, हा शाळकरी प्रश्न पहिल्या दिवशीच पुरेसा होता. केंद्रीय अन्वेषण विभागाच्या खटल्यात, नॅफ्था, टोल्युइन अशी पेट्रोलियम द्रव्ये मिसळून ते विकले जात असल्याचा आरोप होता. २०१६ मध्ये चेन्नईच्या न्यायालयाने पिल्लै यांना तीन वर्षांची शिक्षा ठोठावली.

इटलीच्या आंद्रेआ रॉसी यांचे प्रकरणही असेच शिकवणारे. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी बोलोन्यात निकेल आणि हायड्रोजनवर चालणारे ‘ई-कॅट’ यंत्र दाखवले. आतले गुपित मात्र कधी उघड केले नाही. ‘इंडस्ट्रियल हीट’ या अमेरिकी कंपनीकडून त्यांना एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम मिळाली. उरलेल्या आठ कोटी नव्वद लाख डॉलरसाठी त्यांनी कंपनीवरच दावा लावला आणि यंत्र ठरल्याप्रमाणे चालतच नाही असे उत्तर कंपनीने दिले. २०१७ मध्ये खटला तडजोडीत मिटला. ते यंत्र बाजारात कधी उष्णता देताना दिसले नाही.

तुर्भ्याचे वर्तन या दोघांच्या नेमके उलट होते. अहवाल छापला, पद्धती सांगितल्या, उपकरणांची नावे दिली, आकडे मांडले, आणि ज्या आकड्याने आपलीच बाजू लंगडी पडते तो न्यूट्रॉन आणि ट्रिटियमचा आकडाही झाकला नाही. तो आकडा उघड ठेवला म्हणूनच आज आपण त्यावर वाद घालू शकतो. प्रामाणिक माणसालाही चूक होऊ शकते आणि प्रामाणिकपणाने दावा खरा ठरत नाही, या दोन्ही गोष्टी तुर्भ्याने एकाच वेळी दाखवल्या.

एक दोषही सांगायला हवा, आणि तो तुर्भ्यापेक्षा आपल्या वैज्ञानिक संस्कृतीचा आहे. इतक्या मोठ्या केंद्राने इतक्या गंभीर खुणा पाहिल्या, तर त्या नेमक्या कुठून आल्या हे शेवटपर्यंत खणून काढायला हवे होते. ट्रिटियम बाहेरून आले असेल तर ते कोणत्या बाटलीतून, कोणत्या धातूतून आले, हे शोधून छापायला हवे होते. टेक्सासच्या वूल्फ यांनी ते केले. काम नुसते मंदावत थांबले की समर्थक म्हणत राहतात ‘आम्हाला दाबले’ आणि टीकाकार म्हणत राहतात ‘सगळे थोतांड’. अर्धवट सोडलेल्या प्रयोगाने अफवांना खतपाणी मिळते.

आज पाण्यावर चालणारी गाडी, चुंबकाने अखंड फिरणारे जनित्र, इंधनाशिवाय वीज देणारी पेटी असे दावे मोबाइलवर रोज फिरतात. ते मावल्यापर्यंत आणि आदिलाबादच्या बाजारापर्यंत पोहोचतात, कुणी त्यात पैसे गुंतवायलाही सांगतो. अशा वेळी दावा करणाऱ्याची पदवी, वय, भाषा किंवा गरिबी पाहू नका. त्याला तीन प्रश्न विचारा. आत किती ऊर्जा गेली आणि बाहेर किती आली, हे दोन्ही कुणी आणि कशाने मोजले? ही क्रिया खरी असेल तर तिची राख कुठे आहे? आणि तुमचा हात न लागता, दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्याच्या उपकरणांनी हे चालते काय? तिन्हींची उत्तरे उघडपणे मिळेपर्यंत एक रुपयाही देऊ नका. आणि जो माणूस आपले आकडे, गैरसोयीचे आकडेही, समोर ठेवून तपासायला बोलावतो, त्याची थट्टा करू नका. त्याचा प्रयोग शेवटपर्यंत तपासा, निकाल छापा आणि मगच निवाडा द्या.